आरोपी सेंटर फॉरवर्ड

आमच्या कारखान्याची फुटबॉलची टीम रविवारी हरायची आणि ती कोणामुळे हरली याचा खल पुढे आठवडाभर चालायचा. हरायला दीड तास पुरे होत असे, कारण ठरवायला आठवडा कमी पडे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून बंगलोरला आले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. इंजिनियर नवरा, सरकारी कारखाना, कॉलनीत क्वार्टर, बाराही महिने गार हवा. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जाऊ, असं माझ्या मनात होतं. गेलोही. पण आमच्या ह्यांचं फिरणं अण्णांच्या व्हरांड्यापाशी संपायचं, त्यामुळे माझंही तिथंच संपायचं.

अण्णा टूलरूमचे फोरमन. मूळचे निपाणीकडचे. मराठीत भांडायचे आणि कन्नडात समजूत घालायचे. त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी अक्का म्हणे. अक्का कॉफी आणून ठेवत आणि कोणाचंही बोलणं न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकत. तिसरे सभासद प्रोफेसर. ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नव्हते. एका संशोधन संस्थेत ते विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो हे बघत असत. पुण्याचे असल्यामुळे आपल्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, ही शक्यता त्यांनी कधी तपासलीच नव्हती.

हंगाम संपत आला की व्हरांड्यात एकच विषय निघायचा. यंदा सगळ्यात जास्त निराशा कोणी केली?

"गोलकीपर," प्रोफेसर म्हणायचे. "चेंडू आला की हा बाजूला सरकतो. मी निरीक्षण केलंय."

"पाहुणचार हाय तो," अण्णा म्हणायचे. "त्याच्या दारातनं कोण उपाशी गेला नाही अजून. पण माझं मत राइट बॅकला. युनियनचा माणूस. समोरच्याला अडवत न्हाई, त्याच्याशी वाटाघाटी करतो."

"आणि वाटाघाटी फिसकटल्या की मैदानात बसून राहतो," हे म्हणायचे. "पण या सगळ्याच्या मुळाशी आहेत ते कोच. पलटणीतून आलेत. पोरांना रांगेत उभं राहायला शिकवलं. आता चेंडू शेजारून गेला तरी कोणी रांग मोडत नाही."

"माझं मत विचारा की," अक्का एकदा कप उचलता उचलता म्हणाल्या. "निराशा त्यांनी एकदाच केली. तुम्ही दर रविवारी उठून पुन्हा बघायला जाता. मोठा मान कोणाचा?"

मग विषय सेंटर फॉरवर्डकडे वळला.

त्याच्याविषयी बोलताना सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. घरातल्या जुन्या दुखण्याविषयी बोलतात ना, तसा. हा बंगलोरातल्याच शिवाजीनगरचा मुलगा. त्याचे पूर्वज कोणे एके काळी मराठी मुलुखातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण त्यांचं मराठी आणि माझं मराठी एकमेकांना ओळख दाखवायला जरा लाजायचं. पोरवयात तो अनवाणी खेळायचा तेव्हा चेंडू म्हणे त्याच्या पायाशी मांजरासारखा घोटाळायचा. ते पाहून कारखान्यानं त्याला पेंट शॉपमध्ये नोकरी दिली आणि मोठ्या कौतुकानं बूट दिले. तेव्हापासून त्याच्याकडून एकही गोल झाला नव्हता. चेंडू खांबाला लागायचा, आडव्या दांडीला लागायचा, गोलामागच्या शेंगदाणेवाल्याला लागायचा. आणि उरलेला वेळ त्याच्या बुटाची नाडी सुटलेली असायची. सगळे धावत असताना हा मधोमध वाकून नाडी बांधतोय, हे आमच्या टीमचं अगदी ओळखीचं दृश्य होतं.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत कार्यक्रमांचा दुष्काळ पडला. गाणी झाली होती, नकला झाल्या होत्या, आदल्या वर्षीच्या नाटकात पडदा नायिकेच्या म्हणजे माझ्याच अंगावर पडला होता. तेव्हा प्रोफेसरांनी सुचवलं, "अभिरूप न्यायालय भरवू. आमच्या पेठेत दर वर्षी असतं. एखाद्यावर खोटा खटला भरायचा, फिर्यादी पक्ष, बचाव पक्ष, न्यायाधीश, सगळं साग्रसंगीत. लोक हसून हसून लोळतात."

"आणि आरोपी?" ह्यांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव घ्यायची गरजच पडली नाही.

न्यायाधीश प्रोफेसरच होणार होते, कारण कल्पना त्यांची. फिर्यादी वकील व्हायला कॉलनीतले सगळे पुरुष तयार होते. आमच्या ह्यांनी, लाउडस्पीकरची जोडणी आपल्याशिवाय कोणाला जमत नाही एवढंच सहज बोलून दाखवलं आणि ते फिर्यादी वकील झाले. बचावाचं काम मात्र कोणी घेईना. आपली अब्रू कोण घालवून घेणार? हरणारा खटला चालवायला शेवटी घरातली बाईच लागते. मी आनंदानं घेतलं. स्टेज म्हटलं की मला तेव्हाही दुसरं काही सुचायचं नाही आणि आजही सुचत नाही.

तयारी जोरात चालली. हे न्हाणीघरात भाषणाची तालीम करायचे. बादलीला उद्देशून ते "मिलॉर्ड" म्हणत. चामराजपेटेत नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं एक दुकान होतं. तिथून दोन काळे झगे आणले. ते खरं म्हणजे यमदूतांचे होते, पण दोन्ही धंद्यांत फारसा फरक नाही असं दुकानदार म्हणाला. न्यायाधीशांसाठी दिवाणाच्या पात्राचा पांढरा, जरीकाठी म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा, मिळाला. फिर्यादी पक्षाच्या पुराव्यांचं एक ताट सजवलं होतं. त्यात गोल शोधण्यासाठी एक बॅटरी होती, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा होता, आणि बुटांच्या जुन्या नाड्या गाठी मारून केलेला हार होता.

आरोपीला बोलावण्याचं काम अण्णांकडे होतं. ते पेंट शॉपमध्ये जाऊन आले आणि मोठ्या समाधानानं बाकावर बसले.

"काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"म्हटलं, पाचव्या दिवशी संध्याकाळी आमच्या गणपतीसमोर तुला स्टेजवर बसवणार. सगळे तुझ्याविषयीच बोलणार. घरच्यांना घेऊन ये."

"चिडला नाही?"

"चिडतोय कशाला? डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्या पाया पडला."

"खिलाडूवृत्ती," प्रोफेसर म्हणाले.

आम्ही चौघंही बऱ्यापैकी शिकलेले. पण बंगलोरात गणपतीच्या मांडवात माणसाला नाव घेऊन स्टेजवर बोलावतात ते कशासाठी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथं एकाच कारणासाठी बोलावतात. डोक्यावर पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात हार, हातात फळांची परडी. त्या मुलाच्या सात पिढ्यांत कोणी अभिरूप न्यायालय पाहिलं नव्हतं. त्यानं जे ऐकायचं तेच ऐकलं.

पाचव्या दिवशी मांडव भरला. मी काळा झगा चढवून पडद्याआड उभी होते. फटीतून पाहिलं तर आरोपी येत होता. नवा टेरिलीनचा शर्ट, चोपून बसवलेले केस. मागे रेशमी लुगडं नेसलेली आई. आणि त्यांच्या मागे आणखी एक कुटुंब. जाड मिशांचा, गळ्यातली टेप काढायला विसरलेला एक शिंपी, त्याची बायको, आणि केसांत मोगऱ्याचा भला मोठा गजरा माळलेली एक मुलगी. तिची नजर जमिनीवर होती. जमिनीवर बघणाऱ्या मुलीला सगळं दिसत असतं, हे मी स्वतःवरून जाणून होते.

मुलाची आई विचारत विचारत थेट पडद्याआड आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"ताई, लई उपकार झाले. आमच्या पोराला येवढा मान करायलेत तुम्ही."

मी मान वळवून फटीतून पुन्हा बाहेर पाहिलं.

"ती पोरगी बघितली न्हवं? सगळं जमलंय. पोरीला पसंत, आईला पसंत. बापच तेवढा हो, सरी म्हणंना झालाय. पोरगा सोन्यासारखा हाय म्हणतोय, पण त्याच्या खेळाची स्वल्प, जराशी शंका येतीया म्हणतोय. मग म्हटलं, येऊन बघा की. एवढे शिकलेले लोक स्टेजवर बसवून काय बोलतात ते आपल्या कानानं ऐका आणि मग सांगा. आज ऐकून सांगतो म्हणालेत."

ती जाऊन पहिल्या रांगेत बसली. मी वळून आत आले आणि बाकीच्यांना सांगितलं. अण्णा पेटीवाद्याच्या खोक्यावर मटकन बसले.

"खटला बंद," मी म्हटलं. "सत्कार करायचा."

"कशाबद्दल?" प्रोफेसरांनी विचारलं. प्रश्न शास्त्रीय होता.

"माझं भाषण पाठ झालंय," हे म्हणाले.

"विसरा."

"तीन आठवडे खपलोय मी. बाहेर सगळ्यांना माहीत आहे आज खटला आहे म्हणून. सुरुवात 'मिलॉर्ड, दृष्टी अधू असणं हा गुन्हा नाही' अशी आहे. फार चांगली सुरुवात आहे ती."

"पोरीचा बाप पुढच्या रांगेत बसलाय. तुमच्या चांगल्या सुरुवातीनं त्या पोराचं लग्न मोडेल."

"मग मी काय करू?"

"बसून राहा. फार तर 'हरकत नाही' म्हणा."

ह्यांनी झग्याच्या बाह्या अशा सावरल्या की मला धडकी भरली. सतरा पानं पाठ केलेला नवरा मी त्यानंतर पाहिला नाही, पण एकदा पाहिला तेवढा पुरे.

पडदा उघडला. खुर्चीत आरोपी बसला होता, हात मांडीवर, फोटोला बसतात तसा. प्रोफेसरांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की या न्यायालयाच्या प्रथेनुसार सत्कार आधी होईल. मग स्वतःच्या डोक्यावरचा पेटा काढून त्यांनी आरोपीच्या डोक्यावर ठेवला. प्रोफेसरांचं डोकं मोठं. पेटा थेट मुलाच्या भुवयांवर येऊन टेकला. शाल म्हणून अक्कांची काश्मिरी शाल आली, ती अक्कांच्या खांद्यावरूनच ओढली गेली. हाराच्या वेळी अण्णांनी घाईत ताटावरचा रुमाल उचलला आणि नाड्यांचा हार वर आला. मी तो त्यांच्या हातातून घेऊन माझ्या झग्यात घातला आणि आरतीच्या ताटातला झेंडूचा हार पुढे केला. मांडवात खसखस पिकली. ती कॉलनीची नेहमीची जनता, तिला खटलाच हवा होता. मी पुढे झाले.

"न्यायमूर्ती महाराज," मी म्हटलं, "गोल करणं म्हणजे काय? दुसऱ्याच्या घरात न विचारता घुसणं. माझे अशील दारापर्यंत जातात आणि परत येतात. याला संस्कार म्हणतात."

लोक हसले. मुलगा गंभीरपणे मान डोलावत होता.

"आजवर त्यांनी एकाही गोलकीपरच्या आईला रडवलेलं नाही. मैदानात अकरा जण असतात, पण नाव फक्त गोल करणाऱ्याचं होतं. माझ्या अशिलांना दहा जणांवर असा अन्याय करवत नाही. आणि त्यांचा नेम बघा. गोल केवढा रुंद असतो. तिथं कोणीही मारील, मीसुद्धा मारीन. खांब मात्र चार बोटांचा. इतक्या लांबून, वारा चुकवून, बरोब्बर त्या चार बोटांवर चेंडू कोण मारून दाखवतं? आणि तेही एकदा नाही, दर रविवारी."

आता सगळा मांडव हसत होता आणि टाळ्याही पडत होत्या. मुलाची आई पदरानं डोळे टिपत होती. गजऱ्यावाली मुलगी अजून जमिनीकडेच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. फक्त शिंपी हसत नव्हता. तो पुढे झुकून, एखाद्या कापडाचा धागा तपासावा तसा माझा शब्द न् शब्द तपासत होता.

"बचाव पक्षाचं म्हणणं संपलं," मी घाईनं म्हटलं. "फिर्यादी पक्षाची हरकत नाही."

"एक मिनिट," हे म्हणाले आणि उठले.

मी त्यांच्या पायावर पाय दिला. ते माझ्या पायासकट पुढे सरकले.

"मिलॉर्ड, एकच प्रश्न. सतरा पानांतला एकच. कारखान्यानं बूट दिल्यापासून या गृहस्थांनी एकंदर गोल किती केले?"

हसू थांबलं. अण्णांनी डोळे मिटले. मुलगा खुर्चीतून उठला. पेटा डोळ्यांवर आला, तो त्यानं दोन्ही हातांनी वर धरला आणि फोरमनसमोर उभं राहतात तसा ताठ उभा राहिला.

"एक पण नाही, सर," तो म्हणाला.

मुलाच्या आईनं शेजारी पाहिलं. शिंपी सावकाश उभा राहत होता.

"खरं हाय," तो म्हणाला. "एक पण न्हाई. मी तिथंच असतोय."

"कुठं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"गोलाच्या मागं. तुमच्या न्हवं, आमच्या. आमची टीम शिवाजीनगरची. तिच्या जर्शा मीच शिवतोय. माझा बाप गेला तवापासून एक मॅच चुकवली न्हाई." त्यानं मिशांवरून हात फिरवला. "साहेब, तुमच्याशी मॅच असली की आमच्याकडं सण असतोय. हा पोरगा बॉल घेऊन आला की आमचा गोलकीपर विडी पेटवतोय. आमच्या टीमसाठी ह्यानं जेवढं केलंय तेवढं आमच्या पोरांनी केलं न्हाई. वर कुणाला शिवी न्हाई, रेफरीशी तक्रार न्हाई. पडला की उठतोय, नाडी बांधतोय, पुन्हा पळतोय. जावई असावा तर असा."

"मग सरी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" मुलाच्या आईनं विचारलं.

"भीती होती, ताई. पोरगा तरणा हाय. उद्या सुधारला तर? माझा जावई आणि माझ्याच टीमवर गोल. मला शिवाजीनगरात दुकान चालवायचंय." तो स्टेजकडे वळला. "पण आता तुम्ही एवढे शिकलेले लोक पेटा बांधून चारचौघांत सांगायलेत की ह्याचं असंच चालायचं. जजसाहेब, स्वल्प खात्रीनं सांगा. सुधारणार न्हाई न्हवं?"

सगळ्यांच्या नजरा प्रोफेसरांकडे वळल्या. बोडक्या डोक्याच्या न्यायाधीशांनी नसलेला पेटा सावरला.

"शास्त्रीयदृष्ट्या सांगतो," ते म्हणाले. "शक्यता नाही."

"सरी," शिंपी म्हणाला आणि त्यानं जाऊन मुलाचा पेटा नीट बसवला. लग्न ठरलं. आरोपी निर्दोष सुटला आणि फळांच्या परडीऐवजी प्रसादाचं केळं घेऊन घरी गेला. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "माझ्या प्रश्नानं झालं." मी वाद घातला नाही. उरलेली सोळा पानं त्यांना पुढे कित्येक वर्षं पाठ होती.

लग्न शिवाजीनगरात झालं. वरातीत त्यांच्या टीमचे लोक नाचले आणि आमचे लोक जेवले. पुढच्या हंगामात आमची त्यांच्याशी पहिली मॅच आली तेव्हा मीही गेले. शिंपी त्यांच्या गोलामागे उभा होता, शेजारी त्याची मुलगी.

खेळ संपत आला होता. चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या हातात होता. समोर आमचा सेंटर फॉरवर्ड होता आणि त्याची नाडी सुटली होती, म्हणून गोलकीपरनं निवांत विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि मग चेंडूला लाथ घातली. सेंटर फॉरवर्ड गोलाकडे पाठ करून वाकला होता. चेंडू त्याच्या पाठीच्या खालच्या, जरा भरदार भागावर आपटला आणि आल्या वाटेनं परत जाऊन जाळ्यात शिरला.

आमच्या बाजूला कोणी ओरडलं नाही. ओरडायचं कसं हे सगळे विसरले होते. नाडी बांधून झाल्यावर त्यानं वर पाहिलं तेव्हा सगळी टीम त्याच्या अंगावर चढलेली होती, आणि का, हे त्याला मागाहून सांगावं लागलं. आम्ही ती मॅच जिंकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंपी बस पकडून आमच्या कॉलनीत आला. अण्णांच्या बाकावर बसला. अक्कांनी कॉफी दिली, ती प्यायला नाही.

"यंदा सगळ्यात जास्त निराशा कोणी केली, ठरवलं का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"अजून ठरायचंय," अण्णा म्हणाले.

"मी सांगतोय. माझा जावई. विश्वासानं पोरगी दिली, साहेब. लोक दुकानात येतात, जर्शीचं माप देत न्हाईत, नुसते बघून जातात."

"गोल त्यानं केला नाही, त्याच्यावर झाला," प्रोफेसर म्हणाले. "काल वाराही उलटा होता."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही खात्री दिली होती."

मग आमचे हे उठले आणि त्यांनी बचाव केला. दुसऱ्याच्या घरात घुसणं, गोलकीपरची आई, चार बोटांचा खांब, माझं भाषण त्यांनी एक शब्द न बदलता म्हटलं, माझ्याकडे न बघता. शिंपी ऐकत राहिला.

"आणि लेक काय म्हणते?" अक्कांनी आतून विचारलं.

मग त्यानं गार झालेली कॉफी उचलली.

"तिचं काय विचारता, अक्का. गल्लीत पेढे वाटायलीय."

त्यानंतर तो दर सोमवारी येऊ लागला. बाकावर त्याची जागा ठरून गेली. जावयाशी तो महिनाभर बोलला नाही, पण त्याच्या बुटांसाठी मेणाच्या दोऱ्याची जाड दुहेरी नाडी त्यानं स्वतःच्या मशीनवर शिवली आणि मुलीच्या हाती पाठवली. ती नाडी पुन्हा कधी सुटली नाही. गोलही पुन्हा झाला नाही. संसार उत्तम झाला.